हप्ता तुमचा, सल्ला आमचा

वय तिशीच्या आत, खात्यात डाउनपेमेंटपुरते पैसे साठलेत आणि घर राहायला घ्यावं की गुंतवणूक म्हणून, असा प्रश्न पडलाय? अभिनंदन! विचार करायचं काम आता तुमच्याकडे राहिलेलं नाही. त्यासाठी नातेवाईक आहेत, ऑफिसातले जाणकार आहेत, आणि गेल्या रविवारी मला भेटला तो एजंट आहे.

पाच वर्षांनी याच शहरात असाल का, असले क्षुद्र प्रश्न मनात आणू नका.

अडीअडचणीला ठेवलेले पैसेही डाउनपेमेंटमध्ये घाला. नोकऱ्या दुसऱ्यांच्या जातात.

सॅम्पल फ्लॅट जरूर बघा, फक्त तिथल्या पलंगावर आडवं होऊ नका. मी झालो. पावलं घोट्यापासून बाहेर, आणि माझी उंची बेताचीच आहे हो! मग लक्षात आलं, खोल्यांना दारंच नाहीत. असती तर उघडताना कपाटावर आपटली असती. एजंट म्हणाला, "सर, तुम्हाला कुठे राहायचंय इथे? भाडेकरू राहणार!"

हा भाडेकरू फार गुणी प्राणी. ताब्याच्या दिवशीच बॅगा घेऊन दारात उभा राहतो, नळ गळला तर स्वतः बदलतो आणि तुमचा हप्ता हसतमुखाने फेडतो. भाडं घराच्या किमतीच्या वर्षाला 3 टक्के आणि कर्जाचं व्याज 9 टक्के असलं, तरी फेडतो! कसं, ते मी विचारलं. "अ‍ॅप्रिसिएशन, सर. घराचा भाव वाढतो ना!" वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं की 8 टक्के भाडं गेलं, वर मेंटेनन्स, कर, रंगकाम, आणि मी स्वतः राहतो तिथलं भाडं वेगळंच, असं म्हटल्यावर त्याने मला कॉफी आणून दिली.

घरी काकांचा फोन. "भाडं म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे." आणि व्याज म्हणजे बहुधा मुदत ठेव! 9 टक्क्यांनी 20 वर्षांचं कर्ज घ्या, पहिल्या हप्त्यातला 83 टक्के भाग व्याजात जातो. 14 वर्षं इमानेइतबारे भरा, अर्धं मुद्दल तसंच शिल्लक. काकांनी स्वतः भरलंय हे सगळं. तरी सल्ला तोच.

जाऊ दे, मला हे गोड बोलणं फार वेळ जमत नाही. अहो, राहतं घर म्हणजे डोक्यावरचं छप्पर, भाव पडला तरी माणूस त्यात राहतो. भाड्याने द्यायचं घर हा धंदा आहे, त्यात रिकामे महिने आणि वाढलेला व्याजदर धरूनच हिशेब करायचा असतो. हे दोन्ही एकाच पुडीत बांधून कोवळ्या पोरांना कसले विकता? चार दिवसांत सतरा फोन! "आजच बुक करा, उद्या भाव वाढणार." कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा किती तो आकडा, लिहून मागितला, तर तो पाठवायला माणूस नाही, फोन करायला मात्र चार वेगवेगळे नंबर. आधी त्या खोल्यांना दारं बसवा, मग बोला.