ओटी मागणारा कामचुकार नसतो

आठवडाभर आमच्या एमआयडीसीच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की आठ तासांची ड्युटी फक्त सरकारी नोकराला, प्रायव्हेटमध्ये काम संपेपर्यंत थांबायचं, सुपरवायझरला ओटी (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तासांचा पगार) नसतो, आपले बापजादे चौदा तास राबले आणि जपान-जर्मनी पण असंच वर आलं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) अकरा वर्षं काढल्यात मी, हे वाचून गप्प बसवेना.

सरकारी-प्रायव्हेटचं साफ खोटं आहे. 1948 चा कारखाने कायदा प्रायव्हेट कारखान्यालाही लागू होता, त्यात आठवड्याला 48 तास, वरच्या तासांना डबल रेट आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मधे अर्धा तास विश्रांती द्यायचीच; नोव्हेंबर 2025 पासनं त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली, डबल रेट तिच्यातही आहे. 2025 ला राज्य सरकारनं दिवसाची मर्यादा 12 तासांवर न्यायचं ठरवलं तेव्हा लई जणांना वाटलं आता सगळंच सुटलं, पण आठवड्याचे 48 तास त्यातही तसेच ठेवलेत.

बापजादे राबले हे खरं, पण खुशीनं नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती, नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 ला कामगारांची संघटना काढली आणि भांडून भांडून 1890 ला रविवार मिळवला. लोखंडे सत्यशोधक होते. ज्या शाहू महाराजांनी सत्यशोधकांच्या पाठीवर हात ठेवला त्यांच्या कोल्हापुरात हा मेसेज लोक लाइकचा अंगठा देऊन पुढं ढकलतात, याचं मला मनापासनं वाईट वाटतं. आठवड्याचे 54 चे 48 तास झाले ते 1946 च्या दुरुस्तीनं, मजूर खातं तेव्हा बाबासाहेबांकडं होतं.

जपानचं म्हणाल तर कामानं मरण्याला त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे, 'कारोशी', आणि 2018 ला त्यांना कायदा करून ओव्हरटाइमला महिन्याला 45 तासांची साधारण मर्यादा घालावी लागली. जर्मनी तर आज जगात सगळ्यात कमी तास काम करणाऱ्या देशांत मोडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 ला सांगितलंय, आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्याला 35-40 तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे 35 टक्क्यांनी जास्त.

आता सुपरवायझरचं, कारण यातच आपली पोरं जास्त फसतात. मला 'क्वालिटी ऑफिसर' केलं, पगार थोडा वाढला आणि ओटी बंद. काम तेच, गेज घेऊन कास्टिंग तपासायचं, हाताखाली कोणी नाही, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही. वर दोन माणसं सोडून गेली त्यांचं पण काम माझ्याच गळ्यात. एका वकिलांनी समजावलं की कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, माणूस दिवसभर प्रत्यक्षात काय करतो ते बघतं. आणि 'ओटी मागणार नाही' अशी सही घेतली असली तरी घाबरू नका, पगाराच्या कायद्यात हक्क सोडायचा करार रद्दबातलच धरलाय.

मी काय केलं ते सांगतो. रोजची येण्या-जाण्याची वेळ वहीत लिहायला लागलो, आणि काम अंगावर आलं की साहेबांना मेसेज, "साहेब, आज तीन लॉट आलेत, शिफ्टमध्ये दोनच होतील, कुठले आधी घेऊ?" आवाज चढवायचा नाही, नाही म्हणायचं नाही, फक्त विचारायचं, म्हणजे निर्णय त्यांचा आणि तो लेखी राहतो. दोन महिन्यांनी आम्ही पाचजण वह्या घेऊन एकत्र गेलो (एकट्यानं जाऊ नका, एकट्याला बाजूला काढतात) तेव्हा कुठं एक माणूस वाढवून मिळाला. ओटीचं अजून भांडतोय.

कंपनीत कुणी ऐकलंच नाही तर पगार आणि ओटीसाठी सहायक कामगार आयुक्तांकडं लेखी अर्ज द्या, कारखान्यातल्या तासांसाठी आणि सेफ्टीसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथनं हलू नका. आणि उशीर नको, दाव्याला मुदत असते.

पंचिंगचा कागद देत नसतील तर गेटबाहेर आल्याआल्या बायकोला 'आत्ता सुटलो' एवढा मेसेज टाका, तारीख-वेळ आपोआप पडते.