डिसेंबरात या, गाडी मधोमध लावा

गोव्यात थंडी पडते यावर घाटावरच्या लोकांचा विश्वास बसत नाही. पारा २० च्या आसपास घुटमळायला लागला की म्हापशात कानटोप्या बाहेर पडतात, आणि त्याच सकाळी कळंगुटला पाहुणा बनियनवर हिंडत असतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण दोघे एकाच रस्त्यावर दुचाकी घेऊन उतरले की बनियनवाल्याला थोडं मार्गदर्शन लागतं, असं मला गेल्या बुधवारपासून प्रकर्षाने वाटू लागलंय. डाव्या कोपराला बँडेज आहे, एका हाताने टाइप करतोय, म्हणून सल्ले थोडक्यात देतो.

सुरुवात गाडीपासून. रीतसर भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. अशी गाडी चुकूनही घेऊ नका. पांढऱ्या पाटीची घ्या, खासगी. ती कुठे मिळते ते विचारावं लागत नाही. हॉटेलच्या मागच्या गल्लीत माडाखाली चार स्कूटर उभ्या असतात आणि शेजारी खुर्ची टाकून एक ‘अंकल’ बसलेले असतात. कागदपत्रांची कटकट नाही. पोलिसाने अडवलंच तर ‘मित्राची गाडी आहे’ म्हणायचं. मित्राचं नाव विचारलं तर ‘अंकल’ सांगायचं.

हेल्मेट कोपरात अडकवा. कोपराला त्याची किती गरज असते हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. डोक्यावर नसेल तर १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबित, असं कायदा म्हणतो. पण निलंबित करायला आधी लायसन सापडायला हवं.

मांडवीवरच्या नव्या वायरवाल्या पुलावर, म्हणजे आमच्या अटल सेतूवर, दुचाकीला बंदी आहे. बंदीची पाटी ठळक आहे, तिच्याखाली गाडी लावून फोटो चांगला येतो.

पर्वरीच्या धुळीबद्दल मला काही विचारू नका.

आता हेडलाइट. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कंपनीतूनच सतत चालू राहील असा येतो. तरी समोरून येणारा प्रत्येक माणूस अजूनही पंजा उघडझाप करून ‘दिवा चालू राहिलाय’ असं सांगतो. माझे शेजारी तर सगळ्यांना सांगतात, आणि कोणी बंद केला नाही की रागावतात. तुम्ही मात्र धुक्यात हाय बीमच लावा. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. त्यांच्यावर आपटून सगळा उजेड परत तुमच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. मग रस्ता दिसण्याचा प्रश्नच मिटला. समोरच्यालाही दिसत नाही, म्हणजे फिट्टंफाट.

जे हे नियम पाळत नाहीत त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. उदाहरणार्थ आमचा पदेर, म्हणजे पाववाला. पहाटे सायकलवर पोयांची टोपली घेऊन निघतो, ना दिवा ना रिफ्लेक्टर, नुसता पों-पों भोंगा. धुक्यात तो कुठल्या वळणावर आहे हे अर्ध्या गावाला अंथरुणात पडल्या पडल्या कळतं. इतकी वर्षं त्याला कोणी धडकल्याचं मी ऐकलेलं नाही. मागासलेली पद्धत.

आणि आता धुक्यातला फोटो, ज्यासाठी एवढ्या लांबून तुम्ही येता.

फोटोसाठी जागा निवडताना मांडवीचा जुना पूल निवडा. वेळ सकाळी पावणेसात, कारण त्या वेळी पणजीला कामावर जाणारी सगळी म्हापसा-पर्वरी त्याच पुलावर असते आणि पार्श्वभूमीला गर्दी बरी दिसते. खाली नदीवर धुक्याचा कापूस, त्यात कॅसिनोच्या बोटींचे रात्रभर जागून पिवळे पडलेले दिवे. दृश्य सुंदर असतं, मी नाही म्हणत नाही. तीस वर्षं बघतोय, अजून बघतो, फक्त मान अर्धी वळवून आणि गाडी चालू ठेवून. तुम्ही तसं करू नका. लेनच्या मधोमध या आणि थांबा. इंडिकेटर नको, आरशात बघणं नको, हात दाखवणं तर अजिबात नको. मागे जो येतोय तो स्थानिक आहे, त्याला सवय असणार. त्याच्या चाकाखाली रात्रभर पडलेलं दंव असतं, त्यावर पर्वरीहून ट्रकांबरोबर आलेली धूळ, आणि दोन्हींचं मिळून पिठल्यासारखं काहीतरी झालेलं असतं. त्यातून पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी. तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक गाडी सोडून स्वतंत्र प्रवासाला निघतं. हे त्या स्थानिकाला ठाऊक असतं. पण समोर दोन हातांवर एकदम थांबलेली स्कूटर, तिच्यावर उभी राहून हात पसरलेली एक मुलगी आणि खाली मोबाइल तिरका धरलेला एक मुलगा दिसल्यावर ठाऊक असलेलं आठवत नाही. ब्रेक दाबला जातो.

मी डाव्या कोपरावर पडलो. गाडी उजवीकडे गेली. डबा कठड्याकडे गेला. त्यात तिसऱ्यांचं सुकं आणि दोन भाकऱ्या होत्या. बुधवार होता; सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, मंगळवारी बायकोचा उपास, म्हणजे दोन दिवसांनी आलेलं सुकं होतं ते. मागून येणारी बस थांबली, देवाची कृपा, आणि ड्रायव्हरची, जो एका हाताने फोनवर बोलत नव्हता.

तो मुलगा माझ्याकडे आला. मला वाटलं उचलायला येतोय. म्हणाला, “काका, जरा बाजूने जायचं ना!”

शुद्ध मराठीत. माझ्याच भाषेत. हिंदीत म्हणाला असता तर एवढं लागलं नसतं.

पिवळ्या मडगार्डचा एक पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, थांबला. त्याने माझी गाडी उभी केली, पुढचं चाक पायात धरून हँडल सरळ केलं, “पात्रांव, लागलें?” विचारलं आणि गिऱ्हाईक मागे बसलेलं असताना दोन मिनिटं माझ्याजवळ उभा राहिला. तोवर त्या दोघांनी तीन फोटो काढले होते. मी त्या मुलाला गाडी कोणाची म्हणून विचारलं. “एका अंकलची आहे, दिवसाला सहाशे.” आणि निघताना त्याने मला विचारलं, “काका, तो वायरवाला पूल दिसतो ना, त्याच्यावर स्कूटरने कसं चढायचं?”

तर सल्ले. दारू पिऊन चालवायची असेल तर अवश्य चालवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा गाडी चालवणाऱ्यांसाठी असते. तुम्ही तर सुट्टीवर आहात.

आमच्या लोकांना सल्ल्याची गरज नाही, ते स्वयंभू आहेत. बोडगेश्वराच्या जत्रेला तिघे एका गाडीवर, मधल्याच्या मांडीवर खाज्याची पुडी, हेल्मेट घरी. का? जत्रेला जातोय, देव बघतो. पहाटे तीनला दशावतार संपला की तीच गाडी, तेच तिघे, आणि चालवणारा झोपेत. थंडीत दिवसा तापलेल्या डांबरावर रात्री कुत्री झोपतात, तीही देवच बघतो बहुतेक.

अजून चार-पाच सल्ले लिहून ठेवले होते: पहाटे स्टार्टर चार वेळा दाबून बॅटरी कशी उतरवावी, वन-वेमध्ये उलटं शिरून हॉर्न कसा वाजवावा वगैरे. नको. कोपर ठणकतंय.

सरळच सांगतो. हा पूल तुम्हाला देखावा आहे, आम्हाला रस्ता आहे. १९८६ च्या जुलैत इथला पूल कोसळला तेव्हा मी शाळकरी होतो. बेतीच्या धक्क्यावर बाबांचं बोट धरून फेरीबोटीच्या रांगेत उभं राहिल्याचं मला आठवतं. त्या नदीवरून दहा मिनिटांत पलीकडे जाता येणं ही आमच्याकडे अजून थोडी नवलाईचीच गोष्ट आहे. तिच्यामध्ये तुम्ही स्कूटर लावून हात पसरता.

आणि अंकल, तुम्हीही ऐका. तुम्ही इथलेच, कदाचित माझ्या ओळखीतलेही निघाल. पर्यटकांनी गोव्याची वाट लावली म्हणून संध्याकाळी तिठ्यावर सगळ्यात मोठ्याने तुम्हीच बोलता. मुलाच्या नावावरची स्कूटर सहाशेला देताना समोरच्याला ब्रेक कुठला ते तरी विचारता का? लायसन बघता का? हेल्मेट देता ते तरी कोणाचं? ज्याचा पट्टा तुटलाय ते. ती गाडी उद्या कोणावर गेली तर खासगी गाडी भाड्याने दिली म्हणून विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त मिळेल, आणि तुम्ही म्हणाल मित्राला दिली होती. मित्र! नाव तरी माहीत आहे का त्याचं?

आणि तू, बाळा, पुण्याचा की कुठला असशील तो. मी तुझा काका नाही. असतो तर तिथेच कान धरला असता. फोटो काढायचा आहे ना? पूल संपला की डावीकडे गाडी घे, स्टँडवर लाव, चालत मागे ये आणि कठड्याला टेकून हवे तेवढे काढ. पाच मिनिटं लागतात. धुकं साडेआठपर्यंत असतं, कुठे पळून जात नाही. आणि तो गॉगल काढ आधी, सकाळचे पावणेसात वाजलेत.