अठराचा आकडा आणि दाराखालची फट

माझा पुतण्या अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. नुकत्याच घेतलेल्या घराच्या गॅरेजचं दार बदलायचं त्याच्या मनात आहे. नेमका तेव्हाच आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. सोलापुरातल्या ज्यांची ज्यांची पोरं बर्फाच्या देशात आहेत, त्या सगळ्यांकडे तो फिरून आलेला दिसतो. मजकूर थोडक्यात असा: 'आर-१८ चं इन्सुलेटेड दार बसवा, गॅरेज आपोआप उबदार राहील. आकडा दुप्पट, बचत दुप्पट. जुन्या दाराला आतून थर्माकोल चिकटवलं तरी काम होतं. आणि सकाळी दार बंद ठेवूनच गाडी गरम करा.' पुतण्यानं विचारलं, "काका, तुम्ही कोल्ड स्टोरेजची दारं बसवता ना, हे खरं आहे का?"

गॅरेजचं दार मी कधी बसवलेलं नाही. पण बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला पफची, म्हणजे आत पॉलियुरेथेन फोम भरलेली, दारं बसवण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४३ अंश, आत ४-५. त्याच्याकडे जानेवारीत बाहेर उणे १५, घरात २०. दोन्हीकडे फरक पस्तीस-अडतीस अंशांचाच. इथे उष्णता आत घुसायला बघते, तिथे बाहेर पळायला. दाराला काय, दोन्ही सारखंच.

आता ते 'आपोआप उबदार'. सोलापुरी चादर पलंगावर नुसती घडी घालून ठेवली तर पलंग गरम होतो का? अंगावर घेतली की अंगाचीच ऊब ती धरून ठेवते. गॅरेज घराला लागून असेल तर घराच्या भिंतीतून झिरपलेली आणि नुकत्याच आलेल्या गाडीच्या इंजिनाची उष्णता दार अडवून धरतं, एवढंच. घरापासून सुटं, हीटर नसलेलं गॅरेज उशिरा का होईना, बाहेरच्याइतकं गार होणारच. तिथे १८ चं दार लावून काय मिळवायचं?

आकड्याची गंमत मोठी आहे. आर म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा, पण हा हिशेब भागाकाराचा आहे. साध्या पत्र्याच्या दाराचा आर १ धरा आणि त्यातून १०० भाग उष्णता जाते असं समजा. ९ च्या दारातून ११ भाग जातील, १८ च्या दारातून साडेपाच. म्हणजे १ वरून ९ वर जाताना ८९ वाचले आणि ९ वरून १८ वर जाताना फक्त आणखी साडेपाच. बचत दुप्पट कुठे झाली?

बरं, तो १८ मोजला कुठे? बहुतेकदा पॅनेलच्या मध्यावर. दार तर चार-पाच आडव्या पट्ट्यांचं असतं, त्यात सांधे, कडा, हौसेनं बसवलेल्या काचेच्या खिडक्या. थर्माकोलचा आर इंचाला साधारण ४, पफचा सहा-साडेसहा. दोन इंच पफचे झाले १२-१३. दोन इंची दारावर १८ छापलेलं असेल तर वरचे पाच कुठून आले, हे विकणाऱ्याला विचारायलाच हवं. त्यापेक्षा संपूर्ण बसवलेल्या दाराचा यू-फॅक्टर, म्हणजे दारातून किती उष्णता जाते त्याचा आकडा मागावा, तो जितका कमी तितकं बरं. आतला आणि बाहेरचा पत्रा कडेला एकमेकांना टेकतो का, तेही पाहावं. टेकत असेल तर पफला वळसा घालून उष्णता पत्र्यातूनच निघून जाते.

माझ्या धंद्यात 'पफ अजून जाड करा' म्हणून बोलावणं येतं आणि जाऊन बघावं तर बहुतेक वेळा गॅस्केट, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, फाटलेलं असतं. त्याच्याकडेही खालचं रबर महत्त्वाचं. व्हिनाइल कडाक्याच्या थंडीत ताठ होतं, ईपीडीएम रबर मऊ राहतं. दाराशी साचलेलं पाणी गोठून रबर फरशीला चिकटलं, तर बटण दाबत बसू नये, रबर फाटतं.

थर्माकोल चिकटवायचं तर वजन वाढणार. ते दार स्प्रिंगवर तोललेलं असतं, तोल गेला की वाढलेला भार मोटरवर. स्प्रिंग स्वतः पिळायला जाल तर हात मोडून घ्याल. शिवाय उघडं थर्माकोल पेट घेतं, आणि शेजारी पेट्रोलची गाडी.

गाडीचं शेवटचं वाक्य मात्र नुसतं चुकीचं नाही, जीवघेणं आहे. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. दार जितकं घट्ट, तितका तो आत कोंडतो आणि घरातही शिरतो. दार उघडं असलं तरी इंजिन गॅरेजात चालू ठेवू नये, गाडी बाहेर काढावी. मेसेज फिरवायचाच असेल, तर निदान ही ओळ तरी खोडा.

पुतण्याच्या गॅरेजवर मुलांची झोपायची खोली आहे, त्यामुळे इन्सुलेटेड दार त्यानं घ्यावंच. ९ ते १२ मधलं, पफचं. वाचलेले पैसे गॅरेजच्या छताच्या इन्सुलेशनवर आणि घरात उघडणाऱ्या दाराच्या रबरावर घालावेत. पण त्याआधी एक करायला सांगितलं: रात्री आतले दिवे घालवून उभा राहा, बाहेरून बायकोला दाराच्या कडेनं टॉर्च फिरवू दे. आम्ही कोल्ड स्टोरेजला हेच करतो, उजेड दिसला की तिथे फट.

आज सकाळी त्याचा मेसेज आला: "काका, डाव्या कोपऱ्यातून नुसता उजेड नाही, बोटसुद्धा जातंय."