पाव खोलीचा मालक

परवा संध्याकाळी सातवीतली लेक वही घेऊन आली, "पप्पा, २/३ गुणिले ३/४ किती?" एरवी मी गणित बघितलं की बायकोकडे बोट दाखवतो, पण ती नेमकी माहेरी म्हापशाला गेलेली. मग काय, काढला लसावि. अपूर्णांक दिसला की लसावि काढायचा, शाळेतलं एवढंच डोक्यात चिकटून राहिलंय. छेद झाले बारा-बारा, वर आठ आणि नऊ, आठ नवे बहात्तर, खालचे बारा ठेवले तसेच, बहात्तर भागिले बारा, उत्तर सहा. झालं!

पोरीने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दोन्ही एकाहून कमी, आणि गुणल्यावर सहा?"

"गुणाकारात आकडा वाढतोच गो," मी ठणकावून सांगितलं.

आतून आदोळीवर नारळ खवल्याचा आवाज येत होता, तो थांबला. आई मराठी शाळेत शिकलेली, पावकी, निमकी, दिडकी, औटकी, अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ, अजून मासेवालीचा हिशेब मोबाईल न काढता करते. बाहेर आली आणि म्हणाली, "लसावि बेरजेला रे, इथे कशाला? आणि गुणिले म्हणू नको, 'चा' म्हण. पाऊण भागाचे दोन तृतीयांश." मग फ्रिजमधून दोदोलची, म्हणजे नारळ-गुळाच्या मिठाईची वडी काढली, चांगली मोठी चौकोनी. आडवे चार भाग केले, त्यातले तीन आपले. मग तीच वडी उभी तीन भागांत कापली, त्यातले दोन आपले. सगळे तुकडे किती? बारा. खालचे छेद गुणले ते हेच बारा. दोन्ही वेळा आपल्या वाट्याला आले ते सहा, ते वरचे अंश गुणून आले. बारातले सहा, म्हणजे अर्धी वडी. अर्थात दोदोल सुरीला एवढं चिकटलं होतं की तेरावा तुकडा सुरीवरच होता, तो मी चाटून संपवला, गणितात तो धरला नाही.

"म्हणजे वाट्यातला वाटा," लेक म्हणाली. "म्हणून कमी होतं!"

इथे मी गप्प राहायला हवं होतं. पण वाट्यातला वाटा म्हटल्यावर मला आमचं जुनं घर आठवलं आणि मी म्हटलं, चल, खरं उदाहरण देतो. घर आजी-आजोबांचं, मुलं चार, म्हणजे माझ्या बाबांचा वाटा १/४. गोव्यात पोर्तुगीजांच्या १८६७ च्या सिव्हिल कोडपासून नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा, वेगळा करार केला नसेल तर. तेव्हा त्यातला निम्मा आईचा. उरला १/८. बाबा गेल्यावर तो आम्हा तिघा भावंडांत, बहिणीला धरून, सगळ्यांना सारखा.

"१/८ चा १/३," ती भराभर लिहीत होती, "१/२४."

"बघ, आलं की नाही?"

"थांब. तुझं लग्न झालंय ना? मग यातला पण निम्मा मम्मीचा. १/४८." आणि पेन्सिल चावत, "घरात खोल्या किती?"

"बारा."

"बारा गुणिले १/४८." तिने वरचे बारा आणि खालचे अठ्ठेचाळीस दोन्ही बारांनी छाटले, लसावि-बिसावि काही नाही. "पप्पा, तुझी पाव खोली."

बारा खोल्यांच्या त्या घराला मी कौलं बसवायला गेल्या पावसाआधी निम्मे पैसे घातले होते, भाऊ म्हणाला होता नंतर बघू. ते मी लेकीला सांगितलं नाही, तिने त्याचाही अपूर्णांक केला असता.

"पाव खोलीत न्हाणी येते का?" मी आईला विचारलं.

"न्हाणी धाकट्या काकाच्या बाजूला," आई म्हणाली आणि परत नारळाकडे वळली. तेवढ्यात रस्त्यावर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलचा भोंपू वाजला. आतून आवाज आला, "अरे, चार पाव घे!"

"चार पाव म्हणजे एक ना गो आजी?" लेकीने विचारलं. मी चप्पल घालून निघालो.