ग्रुप काढणं सोपं, भेट जमवणं अवघड

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला की जुनी बॅच एकत्र येते, असं एका लेखात वाचलं. ग्रुप होतो हो, पण दोन महिन्यांत तिथे फक्त 'शुभ सकाळ' उरतं. आधी यादी करा: हजेरीपटावरचं नाव, माहेरचं आडनाव, आताचं आडनाव, गाव, नंबर. मुली सापडत नाहीत त्या बहुतेकदा आडनावापायीच. डायरीतले मुंबईचे सात आकडी लँडलाइन नंबर लगेच फेकू नका, सुरुवातीला २ लावून एकदा फिरवून बघा. एखाद्या घरी अजून कुणी उचलतं.

तारीख ग्रुपवर विचारत बसलात तर वर्ष जाईल. दोघा-तिघांनी ठरवून सांगायची. जागा दादरलाच, कारण डोंबिवलीकर आणि बोरिवलीकर दोघांनाही एकाच गाडीने येता येतं. रविवार असेल तर रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) बघा, आणि जानेवारीचा तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा, तो टाळाच. वर्गणी आधीच यूपीआयने घ्या. 'येतो रे' म्हणणारे ४० असतील तर पैसे भरणारे २५ निघतात, आणि केटररला ताटांचा आकडा त्या २५ वरूनच द्यायचा. राजकारणाचे फॉरवर्ड मात्र पहिल्या दिवसापासून बंद.