मासा तयार आहे, माणसं यायचीत

उन्हाळ्यात घरी चार माणसं जमायची ठरली की कुणीतरी हमखास म्हणतं, "वहिनी, तू उगाच घाट घालू नकोस. मासेच कर. झटपट होतात." हे म्हणणारा माणूस कधीही स्वयंपाकघरात उभा नसतो. तो फोनवर असतो आणि फोन ठेवता ठेवता सांगतो की त्याला यायला जरा उशीरच होईल.

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, हीच तर पंचाईत आहे. जमिनीवरच्या जनावराला आयुष्यभर स्वतःचं ओझं पायांवर पेलावं लागतं, म्हणून त्याच्या मांसात चिवट धागे भरपूर. माशाचं ओझं पाणी उचलतं. त्याच्या अंगात तसले धागे थोडे, आणि जे असतात तेही कमी उष्णतेत सैल पडतात. मटण दोन तास शिजवलं की मऊ होतं, मासा दोन तास शिजवला तर शोधावा लागतो. "ज्याचं ओझं कायम दुसऱ्याने उचललं तो चटकन मऊ पडतो," असं मी एकदा धाकट्या भावोजींकडे बघून मुद्दाम मोठ्याने म्हणाले होते. ते पंख्याखाली आडवे होते. "अगदी बरोबर," म्हणाले आणि कूस बदलली.

तर कोळंबी दोन-तीन मिनिटांत होते. अर्धवट वळली की झाली, शेपूट मानेला टेकलं की गेली. माशाच्या तुकड्याला कॅनडातून आलेला एक जुना हिशेब आहे: जाडीच्या दर इंचाला १० मिनिटं, ओव्हन चांगला २३० अंशांवर तापलेला. थर्मामीटर खुपसून बघायचं असेल तर आत ६३ अंश सेल्सिअस. सगळं कसं मोजूनमापून. पाहुण्यांच्या येण्याला मात्र कुठल्याच देशाने हिशेब शोधलेला नाही. "निघालो" म्हणजे अंघोळीला निघालो. "पोचतोच आहे" म्हणजे धाकट्याची चप्पल सापडत नाहीये. "खालीच आहोत" हे तेवढं खरं असतं, पण गाडी लावायला जागा मिळेपर्यंत ते खालीच राहतात.

डाळ-भाजी असती तर मी ही वेळ सोफ्यावर काढली असती. डाळ वाट बघते, दोनदा गरम केली तरी तक्रार करत नाही. कोळंबी दुसऱ्यांदा गरम केली की तिचं रबर होतं आणि ते चावताना सगळे "छान झालंय हं" असं म्हणतात, पण जरा जास्त वेळ घेऊन. बरं, आधी शिजवून टेबलावर मांडून ठेवावं म्हटलं तर त्यालाही पहारा. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा जिवाणूंच्या सोयीचा. त्या पट्ट्यात अन्न २ तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही आणि हवाच ३२ अंशांच्या वर गेली असेल तर एकच तास. उन्हाळ्यातल्या दुपारी ३२ च्या खाली फक्त फ्रीज असतो.

आणि फ्रीज माझ्या ताब्यात नसतो. घरात पाहुणे असले की फ्रीज ही सार्वजनिक मालमत्ता होते. कच्चा मासा झाकून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकत नाही, हे मी जाणते आणि तसं करतेही. मग कुणीतरी आइस्क्रीमचा खोका घेऊन येतं, तो फ्रीझरमध्ये मावत नाही, फ्रीझरमधल्या बर्फाच्या पिशव्या खाली येतात, खालचं वर जातं आणि या स्थलांतरात माशाचा डबा ओट्यावर येऊन बसतो. विचारलं तर उत्तर तयार असतं, "अगं, पाचच मिनिटं काढून ठेवला होता." ही पाच मिनिटं कुणाच्याच घड्याळात सापडत नाहीत. ट्यूना किंवा बांगड्याच्या बाबतीत तर हा खेळ फारच महागात पडू शकतो. हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि ते एकदा झालं की मग कितीही शिजवा, तळा, जाळा, जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं. आमच्याकडे मात्र मंडळींचा चेहरा लाल झाला की पहिला संशय पत्त्यांच्या डावावर जाईल.

माझ्या नवऱ्याला या सगळ्यावर एकच उपाय सुचला होता: शिजवायचंच नाही. पेरू देशात लिंबाच्या रसात मासा मुरवून सेविचे करतात, युनेस्कोने २०२३ साली त्या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं, मग आपणच का गॅस पेटवायचा? लिंबाच्या आंबटपणाने माशातली प्रथिनं आवळतात, तो पांढरा आणि घट्ट होतो, दिसायला शिजल्यासारखा दिसतो, हे खरंच आहे. पण त्यातले जंत दिसण्यावर जात नाहीत, त्यांना लिंबू चालतं. ते मारायचे तर मासा आधी उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवावा लागतो. म्हणजे सात दिवस आधी किती माणसं येणार हे कळायला हवं. मी नवऱ्याला म्हटलं, "तुझ्या बहिणीकडून आठवडाभर आधी नक्की आकडा काढून दाखव, मी सेविचे करते." विषय तिथेच गोठला.

शिंपल्यांचा बेत मात्र मला मनापासून आवडतो. मोठं पातेलं, लसूण, थोडं पाणी, वर झाकण, आणि चार-पाच मिनिटांत सगळे तोंड उघडून बसतात. शिंपले, पाहुणे दोघंही. पण शिंपला जिवंत असताना पातेल्यात जायला हवा, आणि तो जिवंत आहे का हे त्याला विचारून घ्यावं लागतं. कच्चा असताना उघडा दिसला तर टकटक करायचं. मिटला तर जिवंत, नाही मिटला तर टाकायचा. हे काम मी आत्यांकडे सोपवलं. त्या चमच्याच्या दांड्याने प्रत्येकाला ठोकत आणि "आहे का रे कुणी?" म्हणत बसल्या होत्या. एका शिंपल्याला त्यांनी तीनदा संधी दिली, कारण "बिचारा दमला असेल." तेवढ्यात कुणीतरी कळवळून उरलेले शिंपले नळाच्या पाण्यात बुडवून ठेवले, उकडत असेल म्हणून. समुद्रातल्या जीवाला गोड पाणी मानवत नाही, त्यात राहिला की तो मरतो. त्याला ओलं फडकं आणि गारवा पुरतो. आत्यांनी पाण्यातून काढून पुन्हा ठोकायला सुरुवात केली, या वेळी पहिल्या आळीपासून.

अंगणात किंवा गच्चीवर निखारे पेटले की वेगळंच नाट्य सुरू होतं. ज्या पुरुषांनी वर्षभर गॅसची शेगडी ओळख दाखवण्यापुरतीही बघितलेली नसते ते सगळे जाळीभोवती जमतात आणि प्रत्येकाच्या हातात चिमटा असतो. मासा जाळीला चिकटतो, कारण त्याची प्रथिनं तापत्या धातूला धरून बसतात. त्यावर इलाज आहे. मासा कोरडा पुसायचा, तेल लावायचं, जाळी आधी कडक तापवायची आणि मग हात मागे बांधून उभं राहायचं. खालची बाजू नीट भाजली की मासा बहुतेक आपणहून सुटतो. पण हात मागे बांधणं हे या मंडळींना जमत नाही. एक जण कोपरा उचलून बघतो, दुसरा म्हणतो, "अरे, उलट आता," तिसरा उलटतो, पहिला पुन्हा सुलटा करतो. शेवटी माशाची कातडी जाळीवर राहते, मासा निखाऱ्यात जातो आणि तिघंही एकमुखाने सांगतात की मासाच ताजा नव्हता.

एक गोष्ट मी गमतीत घेत नाही. पाहुण्यांत कुणाला कोळंबी-खेकड्यांची अॅलर्जी असेल तर त्याचं ताट, त्याचं भांडं, त्याचा चमचा, सगळं वेगळं. "मी कोळंबी बाजूला काढते आणि नुसता रस्सा घेते," असं एक पाहुणी हसत म्हणाली तेव्हा मी तिच्या हातातली पळी अक्षरशः ओढून घेतली. ही अॅलर्जी बहुतेकदा ज्या प्रथिनामुळे होते ते शिजवून मोडत नाही, आणि रश्श्यातही उतरतं. तिला माझा उद्धटपणा लक्षात राहिला असेल तर राहू दे.

एवढ्या सगळ्यातून माझ्यापुरता निष्कर्ष असा: घरी गर्दी असताना तळण करायचं नाही. तळणारी बाई कधीच पंगतीला बसत नाही. ती कढईपाशी उभी असते आणि बाहेरून "गरम आहे तोवर अजून येऊ दे" अशी प्रेमळ फर्मानं येत असतात. त्याऐवजी कोळंबी सकाळीच उकडून, बर्फाच्या पाण्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवावी आणि माणसं दिसली की लिंबू, मिरची, पुदिना घालून थंडच वाढावी. गोठवलेल्या कोळंबीच्या पिशवीवर १६/२० असा काहीतरी आकडा असतो, तो म्हणजे एका पौंडात, साधारण ४५० ग्रॅममध्ये, किती नग बसतात त्याचा. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. पाहुणे किती खातील याचा अंदाज मात्र पिशवीवर छापत नाहीत. "मी दोनच घेईन" म्हणणाऱ्याला मी आता सात धरते.

आणि मुख्य पदार्थ म्हणून पुड्या. बटर पेपरमध्ये माशाचा तुकडा, वर लिंबाची चकती, पातळ चिरलेली भाजी, लोणी, मीठ, मिरी, आणि कडा दुमडून पक्क्या बंद. भाजी पातळच हवी, कारण जाड बटाटा शिजेपर्यंत मासा थांबत नाही. पुड्या तासभर आधी बांधून फ्रीजमध्ये ठेवता येतात आणि २०० अंशांच्या ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटांत होतात. माझा नियम असा की शेवटचा माणूस दारातून आत आला, त्याने पाणी प्यायलं आणि त्याच्या बुडाला खुर्ची लागली, की मगच ट्रे आत जातो. एकदा सगळ्यांच्या पुड्यांवर नावंही लिहिली होती, तिखट-कमी तिखट असा घोळ नको म्हणून. ओव्हनमधून बाहेर आल्या आल्या अदलाबदली सुरू झाली. भावोजींना बायकोची पुडी मोठी वाटली, बायकोला सासूबाईंची, आणि सासूबाईंनी सगळ्यांच्या पुड्या एकेक करून उघडायला लावल्या. जेवणाऐवजी वाटणीचा दावा चालला होता, तोही भर उन्हाळ्यात, वाफेत.

जेवणं झाली की सगळे "मदत करू का?" विचारतात आणि उत्तराची वाट न बघता आंबा कापायला बसतात. कोळंबीच्या सालांचं काय करायचं हा प्रश्न माझ्यावर राहतो. उन्हाळ्यात ती कचऱ्याच्या डब्यात टाकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी भेटायला येतात. माशात मुळात वास नसलेलं एक द्रव्य असतं, जिवाणू त्याचं वास मारणारं दुसरं द्रव्य करतात, आणि उकाड्यात ते कामाला फार चपळ असतात. म्हणून मी सालं आणि डोकी धुऊन, डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवते. कचरेवाला येईपर्यंत शांत राहतात, आणि मनात आलं तर त्यांचा स्टॉकही होतो, म्हणजे उकळून गाळलेलं चवदार पाणी.

गेल्या खेपेला नणंदेने निघताना उरलंसुरलं स्वतःच भरून घेतलं. मीही आग्रह केला नाही, थांबवलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन.

"अगं वहिनी, त्या पांढऱ्या डब्यात नुसती सालंच आहेत!"

"हो, कांद्याबरोबर परतून घे, पाणी घालून वीसेक मिनिटं उकळ आणि गाळ. छान स्टॉक होतो."

"अगं, पण मी यांच्या ऑफिसातल्या लोकांना रात्री जेवायला बोलावलंय. म्हटलं, कोळंबी आयती आहेच." मग पलीकडून झाकण उघडल्याचा, पुन्हा लावल्याचा आवाज आला. "बरं, गाळून किती जणांना पुरेल?"