खोक्यात खोकं, त्यात चकती

सगळा मामला असतो १२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या एका चकतीचा, म्हणजे ब्लू-रे डिस्कचा. पण अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) चित्रपटाची मर्यादित संग्राहक आवृत्ती दारात येते ती थेट पाट्याच्या आकारात आणि जवळपास त्याच वजनात. चकतीखाली प्लॅस्टिकचा ट्रे, ट्रेभोवती पुठ्ठ्याचं घडीचं पाकीट म्हणजे डिजिपॅक, त्याभोवती जाड खोकं, खोक्यावर कागदी पट्टा, पट्ट्यावर पारदर्शक फिल्म, तिच्यावर बुडबुड्यांचं प्लॅस्टिक आणि या सगळ्यावर तपकिरी पेटी. प्रत्येक थर आतल्या थराचं रक्षण करतो. कुणापासून? माझं स्पष्ट मत आहे, की पैसे मोजून तो विकत घेणाऱ्यापासून.

पेटीला हात लावण्याआधी मोबाइल लावायचा. कोपरा चेपला, चकती तडकली, पुस्तिका गायब, यातली कुठलीही तक्रार करायची तर पुष्कळ विक्रेते सलग, कुठंही न तोडलेला व्हिडिओ मागतात. पत्त्याची चिठ्ठी, पेटीच्या सहाही बाजू, चिकटपट्टीवरचा पहिला काप, सगळं एका दमात. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात कटर आणि पेटी धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. तेव्हा मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवावा. कटरचं पातं पाच मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढू नये, आणि काप मधल्या सांध्यावर न देता पट्टी कडेला जिथं संपते तिथं द्यावा. मधल्या फटीच्या बरोब्बर खाली खोक्याची चित्रांकित बाजू असते. पात्याला तेवढं नेमकं कळतं.

खोकं बाहेर आलं की कानाशी धरून हलकेच कलतं करायचं. आतून खुळखुळा वाजला तर चकती ट्रेमधल्या, तिला धरून ठेवणाऱ्या दात्यांवरून सुटलेली आहे. हा आवाज व्हिडिओत यायला हवा. पुढं पुरावा म्हणून तो डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता पारदर्शक फिल्म. ही गरम हवेनं आवळून बसवलेली असते, म्हणून नखाला कुठंच दाद देत नाही. आवळताना आतली हवा निघून जावी यासाठी तिला बारीक टोचे ठेवलेले असतात. उजेडात तिरकं धरलं की ते दिसतात. त्यातल्या एकात टूथपिकचं बोथट टोक घालून फिल्म उचलली की पुढं ती आपसूक फाटत जाते. टोचे सापडलेच नाहीत तर खोक्याच्या उघड्या बाजूला अंगठ्यासाठी अर्धगोल खाच असते. तिथं फिल्मखाली पोकळी असल्यामुळे तीच सर्वांत बिनधोक जागा. ‘फिल्म काढायचीच नाही, किंमत टिकते,’ म्हणणाऱ्यांचा एक पंथ आहे. त्यांच्या माहितीसाठी : ताणून बसलेली फिल्म वर्षानुवर्षं ठेवली तर पातळ पुठ्ठ्याला बाक येऊ शकतो. किंमत टिकते, पाठ वाकते.

फिल्मवर एक गोल स्टिकर असतो. संग्राहक तो स्टिकर फिल्मसकट चौकोनात कापून घेतात आणि जपून ठेवतात. कुठं, ते विचारू नये. तेही आठवण्याच्या प्रयत्नात असतात.

मग येते ओबी. ओवी नव्हे, ओबी. किमोनोच्या कमरपट्ट्यावरून नाव पडलेला हा कागदी पट्टा जपानी आवृत्त्यांच्या कण्यावर गुंडाळलेला असतो. त्यावर किंमत, क्रमांक, जाहिरात. वस्तू विकायला काढली तर गिऱ्हाईक आधी ओबीची चौकशी करतं, चकतीची मग. ही काढताना एक टोक धरून ओढायची नाही. दोन्ही टोकं एकाच वेळी सैल करून सरळ वर उचलायची, कारण घडीवर कागदाचे तंतू आधीच मोडलेले असतात आणि फाटायला ते निमित्तच शोधत असतात. खोक्याच्या मागे आणखी एक मोठा कागद गोंदाच्या दोन-तीन ठिपक्यांवर तोललेला असतो. ठिपका गार असेल तर कागदाचा पापुद्रा घेऊन निघतो. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून दहा सेकंद द्यावी, मग उरलेला गोंद बोटानं गोल गोल फिरवून काढावा. स्पिरिट वगैरे लावू नये. गोंद राहतो आणि शाई जाते.

एवढं झालं की वाटतं, आता ओढलं की डिजिपॅक बाहेर. ओढून बघा. खोकं इतकं मापात शिवलेलं असतं की आतली वस्तू सरकली की मागं निर्वात पोकळी होते आणि खोकं तिला परत आत खेचतं. जोर लावला की खाचेपाशी पुठ्ठा फाटतो. उघडी बाजू खाली करायची, तळवा खाली धरायचा, खोक्याची वरची-खालची कड हलकेच दाबायची म्हणजे भिंती फुगून हवा आत शिरते. मग वस्तू एका लांब सुस्काऱ्यासह खाली येते. सुस्कारा खोक्याचा.

चकतीसोबतच्या भेटवस्तूंत सर्वांत फसवा असतो अ‍ॅक्रिलिकचा पुतळा, म्हणजे पात्राची सपाट उभी आकृती. तो बाहेर आला की धुरकट आणि ओरखडलेला दिसतो आणि माणूस तक्रारीचा मजकूर मनात जुळवू लागतो. ओरखडे संरक्षक पापुद्र्यावर असतात. तो पुढून असतो तसा मागूनही. नखानं निघत नसेल तर चिकटपट्टीचा तुकडा कोपऱ्यावर दाबून उचकटावा. पापुद्रा न काढता पुतळा त्याच्या बैठकीच्या खाचेत खोवायला गेलं तर त्या जाडीपायी तो बसत नाही, मग जोर लागतो, मग पायाशी ‘कट्’.

काही संचांत चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मचा तुकडा मिळतो. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबानं दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी होतात. त्यातल्या तुमच्या वाट्याला चार-पाच. नायिकेचा अश्रू मिळेल अशी आशा असते, मिळतं ते ढगाळ आकाश किंवा कुणाच्या तरी डोक्याची मागची बाजू. ती उजेडाकडे धरून घरच्यांना दाखवू नये, एवढंच सुचवतो.

‘एकोन्ते’चं पुस्तक, म्हणजे दिग्दर्शकाचा चित्रांतला आराखडा, असेल तर मात्र सगळे कष्ट माफ. पानावर वरून खाली साधारण पाच चौकटी, बाजूला शॉटचा क्रमांक, कृती, संवाद आणि कडेला लांबी. तिथं ‘३+१२’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे गणित नव्हे; तीन सेकंद आणि वर बारा फ्रेम, म्हणजे साडेतीन सेकंद. हे जाड पुस्तक मधोमध उघडून सपाट दाबलं की कण्याचा गोंद तडकतो. पुढची थोडी पानं, मागची थोडी पानं असं दोन्हीकडून आत येत त्याला सैल करावं.

अखेर चकती. मधल्या दात्यांवर बोट दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं कड उचलायची. कड आधी उचलली तर चकती धनुष्यासारखी वाकते आणि मधल्या भोकाशी तडा जातो. ब्लू-रेचा मजकूर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीचा ०.६ वर. ठसा उमटलाच तर मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसावा. गोल पुसताना ओरखडा उमटला तर तो मजकुराच्या रेषेलाच समांतर जातो आणि सलग एवढा मजकूर गेल्यावर यंत्राला चूक सावरता येत नाही.

चकती यंत्रात जाते आणि पडदा सांगतो : प्रदेश चुकला. चकती कुठल्या देशांतल्या यंत्रांवर चालेल हे ठरवणारे ब्लू-रेचे तीन प्रदेश आहेत. जपान आणि अमेरिका ‘ए’त, युरोप आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’त, भारत, चीन, रशिया ‘सी’त. ४के, म्हणजे आणखी बारकाईनं चित्र दाखवणाऱ्या, चकतीला ही भानगड नाही, पण ती साध्या ब्लू-रे यंत्रात चालत नाही, आणि सोबतची साधी ब्लू-रे चकती बहुधा तिच्या प्रदेशापुरती कुलूपबंदच असते. हेही जमलं तर जपानी आवृत्तीत इंग्रजी उपशीर्षकं नसण्याची दाट शक्यता. ती माहिती मागच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेली असते, जपानीत.

सगळं परत भरायला घेतलं की कळतं, बाहेर काढलेली वस्तू आत जाते तेव्हा तिचा आकार वाढलेला असतो. घड्या फुगलेल्या, कार्डांचा क्रम विसरलेला, आणि मघाशी आत खेचणारी हवा आता बाहेर ढकलते. सावकाश सारावं. वर पॉलिप्रॉपिलीनचं आवरण घालावं; पीव्हीसीचं नको, ते काही वर्षांनी शाईला चिकटतं. खोकं उभं ठेवावं, आडवं रचू नये.

आणि तो मागचा मोठा कागद उरतो. तो आत मावत नाही, त्याची घडी घालवत नाही, फेकवत तर नाहीच. त्यावर आतल्या सगळ्या वस्तूंची यादी क्रमवार छापलेली असते. त्या यादीत तो स्वतः नसतो.